घरच्या सुईखालचा कॉर्सेट

कॉर्सेट म्हटला कीं युरोपांतील स्त्रीच्या देहाला घातलेला पिंजरा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ही समजूत खोटी नव्हे; परंतु तो पिंजरा कोणाच्या हातचा, असा प्रश्न केल्यास इतिहास निराळीच साक्ष देतो.

फ्रान्समध्यें १६७५ सालीं शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र संघ मिळाला. तथापि देवमाशाच्या तोंडांतील चिवट पट्ट्या घातलेली ताठ चोळी शिवण्याचा हक्क पुरुष शिंप्यांकडेच राहिला. एकोणिसाव्या शतकांत मात्र ही विद्या घरांत शिरली. लंडनमध्यें १८३८ सालीं निघालेल्या 'द वर्कवुमन्स गाइड' या ग्रंथांत अशी चोळी बेतण्याची रीत दिली आहे. १८२८ च्या सुमारास नाडीच्या भोंकांना धातूचीं कडीं आलीं, त्यामुळें कापड फाटेनासें झालें; पुढें हाउ (१८४६) व सिंगर (१८५१) यांच्या यंत्रांनीं लांब टिपा सोप्या केल्या.

घरीं शिवणारी स्त्री फॅशनच्या दास्यांतून सुटली, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पट्टी बरगडीला बोचली तर टाका उसवून ती हलविणें तिच्याच हातीं होतें. मेरी फेल्प्स जेकब या अमेरिकन तरुणीनें तर मोलकरणीच्या मदतीनें दोन रेशमी रुमाल व फीत जोडून कॉर्सेटला पर्याय काढला, आणि १९१४ सालीं त्याचें पेटंट घेतलें.

आज हौसेनें कॉर्सेट शिवणाऱ्यांना नोरा वॉ यांच्या १९५४ च्या ग्रंथांतील जुने नमुने उपयोगी पडतात. सक्ती गेली, कौशल्य उरलें. ज्या हातीं सुई, त्याच हातीं उसवण्याचाही अधिकार, हेंच या छंदाचें मर्म आम्हांस वाटतें.