शिरवाळे आणि नारळाचा रस

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट आणि तलवारी उभ्या राहतात. परंतु नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्यात नानंगोल गावची नारळाची ३२,००० झाडे दान दिल्याची नोंद आहे. आणि दान घेणाऱ्यांत शूर्पारकाची, म्हणजे आपल्या नौपाड्याहून फार दूर नसलेल्या सोपाऱ्याची, चरक-परिषदही आहे. नारळ आपल्या किनाऱ्यावर इतका जुना!

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने नारळाची दोन कुळे दाखविली : एक हिंदी महासागराचे, दुसरे प्रशांत महासागराचे. त्या दुसऱ्या कुळाच्या फिलिपीन्समध्ये शहाळ्यातील कोवळे खोबरे लांब चिरून शेवयांच्या जागी भाजीबरोबर परततात. आपल्या दक्षिण कोकणात शेवया तांदळाच्या, आणि नारळ त्यांवर रस होऊन येतो. हेच शिरवाळे.

तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवावयाचे आणि कढत असतानाच लाकडी साच्यातून दाबावयाचे. निवले की ते घट्ट होतात. एकाने दांडा दाबावा, दुसऱ्याने खाली उतरणारी शेव झेलावी. वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. म्हणजे हे काम दोघांचे. पोटासाठी कोकणी माणूस मुंबई-ठाण्यास आला. शहरातल्या बिऱ्हाडात साच्याला जागा काढता येते. दुसरे दोन हात कोठून आणावयाचे?

उषवदाताचे दान दगडावर कोरले, म्हणून आपणांस कळले. शिरवाळ्यांची विद्या हातांतच आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईसमोर एकदा साच्यापाशी बसावे, एवढेच आम्ही सुचवितो.