मस्कतचें समुद्राकडील तोंड

जीं शहरें समुद्रानें वाढविलीं तीं हल्लीं आपण रस्त्यानें पाहतों. वसईचा किल्ला पाहावयास निघालेला मनुष्य आगगाडीनें स्टेशनावर उतरतो, तेथून रिक्षा करतो आणि जमिनीच्या बाजूनें किल्ल्यांत शिरतो. चौल आणि दाभोळ यांचीहि तीच गत आहे. एके काळीं हीं ठिकाणें जगाच्या रहदारीच्या वाटेवर होतीं. आज तीं एखाद्या फांट्याच्या शेवटास असल्यासारखीं वाटतात. गांव तेंच असतें, दगडहि तेच असतात. परंतु दार बदललें कीं घराचा अर्थ बदलतो. इतिहासाची आवड असणारानें म्हणून कोणत्याहि जुन्या बंदरांत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, कीं या शहराचें दार कोणत्या बाजूस होतें?

हा प्रश्न मस्कतच्या बाबतींत विशेष उपयोगी पडतो. ओमानच्या आखातावरील हें शहर मुंबईहून विमानानें तीन तासांच्या आंत येतें, आणि आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांतील मुलेंमुली तेथें नोकरीनिमित्त राहत असल्यामुळें त्याची वाट आतां अनेकांच्या परिचयाची झाली आहे. पाहुण्यांसाठीं तेथें एक चांगली सोय आहे. एक मोटार, एक वाटाड्या आणि सकाळपासून सायंकाळपर्यंतचा एक दिवस, अशी खासगी सफर आधीं ठरवितां येते. घोळक्यामागून धांवावें लागत नाहीं, व शंका विचारावयास मोकळीक असते. मीं सपत्नीक अशी सफर केली. आमचा वाटाड्या तरुण ओमानी होता. गाडीहि तोच हांकीत होता. बोलण्यांत मार्दव, हिंदी कामापुरती चांगली, आणि आपल्या देशाविषयीं सार्थ अभिमान, असा तो गृहस्थ होता.

या सफरींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम सुलतान काबूस यांची मोठी मशीद, कारण मुसलमानेतरांस तेथें सकाळच्या कांहीं तासांतच प्रवेश मिळतो. मग २०११ मध्यें उघडलेलें भव्य संगीतगृह. मग मत्रा येथील धक्का, मासळीबाजार व जुनी बाजारपेठ. आणि शेवटीं, ऊन कलूं लागल्यावर, जुनें मस्कत, म्हणजे राजवाडा व त्याच्या दोहों बाजूंचे दोन किल्ले. रस्त्याच्या सोयीनें पाहतां यांत गैर कांहीं नाहीं. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें ही पोथी शेवटच्या पानापासून उघडल्यासारखी होते. २००१ मध्यें पुरी झालेली वास्तु ताज्या डोळ्यांनीं पाहावयाची, आणि सोळाव्या शतकांतील बुरूज पाय दुखूं लागल्यावर!

मशीद मात्र खरोखरच पाहण्यासारखी आहे. तिच्यासाठीं सुमारें ३ लाख टन वालुकाश्म भारतांतून नेण्यांत आला. मुख्य दालनांतील गालिचा ७० मीटर लांब व ६० मीटर रुंद असून तो इराणी कारागिरांनीं विणलेला आहे. तिच्या अंगणांत उभें राहून वाटाड्यानें आम्हांस आपल्या देशाचा इतिहास सांगितला. १९७० पूर्वीं सबंध देशांत तीन शाळा आणि दहा किलोमीटर पक्का रस्ता एवढेंच काय तें होतें; मस्कतच्या वेशी रात्रीं बंद होत आणि त्यानंतर हिंडणारास हातांत कंदील बाळगावा लागे. त्या वर्षीं जुलैच्या २३ तारखेस काबूस गादीवर आले आणि सारें पालटलें. त्यापूर्वीं काय होतें, असें मीं विचारलें, तेव्हां तो उत्तरला, “पोर्तुगीज होते. त्यांना आम्हीं १६५० मध्यें हांकून दिलें.”

म्हणजे इतिहासाचीं प्रकरणें दोन : १६५० आणि १९७०. मधलीं ३२० वर्षें कोरीं! याबद्दल त्या तरुणास दोष देणें अन्यायाचें होईल. पाहुण्यास सोपी गोष्ट हवी असते. आणि आपली पहाट उजळ दिसावी म्हणून आदली रात्र अधिक काळी रंगविण्याची हौस कोणत्या देशास नसते? शिवाय आपण तरी काय जाणतों? मस्कत म्हटलें कीं आपणांस कोणा भाच्याची नोकरी आठवते, फार तर मस्कत जातीचें डाळिंब. परंतु कोऱ्या राहिलेल्या या पानांवर मुंबईचें नांव वारंवार आलेलें आहे. म्हणून तीं वाचण्याचें काम आपलेंहि आहे.

जुनें मस्कत म्हणजे काळ्या, बोडक्या डोंगरांच्या कवेंत सांपडलेलें एक लहानसें बंदर. जमिनीकडून तेथें जाणें पूर्वीं फार अवघड होतें. पाणी बेताचें, शेती जवळजवळ नाहींच. अशा जागीं शहर वसावें याचें कारण त्याचा सुरक्षित धक्का आणि वारा हेंच होय. आपला ‘मोसम’ हा शब्दहि अरबीच. ईशान्येच्या वाऱ्यावर मलबार, कोंकण व गुजराथ येथून गलबतें तांदूळ, कापड आणि इमारती लांकूड घेऊन तिकडे जात. तिकडून खजूर, घोडे व मोतीं इकडे येत. या संपत्तीच्या वासानेंच अल्बुकर्क १५०७ मध्यें तेथें आला. त्यानें शहर जाळलें, आणि पकडलेल्या लोकांचीं नाककान कापलीं. पुढें १५५२ व १५८१ या सालीं तुर्कांच्या आरमारानें मस्कत लुटलें, तेव्हां पोर्तुगीजांनीं बंदराच्या दोन्ही कडांवर किल्ले बांधून १५८८ च्या सुमारास ते पुरे केले. तेच आजचे मिराणी आणि जलाली. त्यांच्या तोफांचें लक्ष बंदराच्या मुखाकडे होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १६२२ मध्यें होर्मुझ हातचें गेल्यावर मस्कत हेंच पोर्तुगीजांचें त्या भागांतील मुख्य ठाणें झालें, आणि जानेवारी १६५० मध्यें इमाम सुलतान बिन सैफ यानें तेंहि घेतलें.

वाटाड्याची गोष्ट येथें थांबते. खरी गोष्ट येथून रंगास येते. ओमानी लोक पोर्तुगीजांस घालवून स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं आरमार उभारलें आणि शत्रूचा पाठलाग समुद्रभर केला. १६६८ मध्यें त्यांनीं दीव लुटलें. १६७४ मध्यें त्यांचे सुमारें ६०० लोक वसईस उतरले व लूट करून परत गेले. १६९८ मध्यें, जवळजवळ तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोंबासाचा किल्ला त्यांनीं घेतला. त्यानंतर ४१ वर्षांनीं, १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. आपल्या पुस्तकांत वसईचें युद्ध हें मराठे आणि पोर्तुगीज या दोघांचेंच द्वंद्व म्हणून येतें. मस्कतच्या बंदरांतून पाहिलें कीं त्याचा आवाका वाढतो. मस्कत, मोंबासा आणि वसई हे एकाच समुद्राचे तीन कांठ. आणि ते एकाच सत्तेच्या हातून नव्वद वर्षांत निसटले. हीं युद्धें ज्यानें त्यानें आपापल्या कारणांसाठीं केलीं. त्यामुळें आप्पांच्या पराक्रमास यत्किंचितहि उणेपणा येत नाहीं. मात्र ज्या पोर्तुगीजांशीं ते लढले त्यांचा पाया अर्धशतकापूर्वीं दुसरीकडे कसा खचला होता, हें यावरून कळतें.

यानंतर मुंबईचें शतक सुरू होतें. १७९८ मध्यें नेपोलियन इजिप्तमध्यें उतरला. मस्कत येथें टिपू सुलतानाची कोठी होती, आणि फ्रेंचांचीहि तेथें ये-जा होती. तेव्हां कंपनी सरकारानें त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं मस्कतच्या राज्यकर्त्याशीं करार करून घेतला. पुढें १८०६ पासून १८५६ पर्यंत पन्नास वर्षें सय्यद सईद बिन सुलतान याची कारकीर्द झाली. त्याच्या काळीं मस्कतपासून झांझिबारपर्यंत एक छत्र होतें, व त्या छत्राची काठी मलबारी सागाची होती असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. कारण त्याचीं कित्येक उत्तम जहाजें मुंबईस बांधलेलीं होतीं. ७४ तोफांचें ‘लिव्हरपूल’ हें जहाज मुंबईच्या गोदींत १८२६ मध्यें पाण्यांत लोटण्यांत आलें. १८३६ मध्यें सय्यद सईदनें तें इंग्लंडच्या राजास नजर केलें, आणि ब्रिटिश आरमारांत तें ‘इमाम’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ‘सुलताना’ हें दुसरें जहाज १८३३ मध्यें माझगांवास तयार झालें. तें १८४० मध्यें खजूर, कॉफी, हस्तिदंत व लवंगा घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरांत जाऊन उभें राहिलें. मुंबईस घडलेलें गलबत, कप्तान अरब, माल आफ्रिका व अरबस्तानचा आणि गिऱ्हाईक अमेरिकेचें! ज्या शहरास आपण तेल सांपडण्यापूर्वींचें ओसाड खेडें समजतों त्याच्या धन्याचा हा व्यवहार होता.

या वैभवाची काळी बाजू झांकून ठेवूं नये. झांझिबारच्या लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमांवर उभ्या होत्या, आणि मस्कत हें त्या व्यापाराचें एक मोठें ठाणें होतें. पुढें जी पडझड झाली तिच्यांत म्हणून न्याय आणि स्वार्थ हीं इतकीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत कीं तीं वेगळीं करणें कठीण जातें. १८५६ मध्यें सय्यद सईद समुद्रांतच वारला. मस्कत थुवैनीकडे आणि झांझिबार माजिदकडे, अशी दोघां भावांत विभागणी झाली. १८५९ मध्यें थुवैनी आरमार घेऊन झांझिबारवर निघाला, तेव्हां मुंबई सरकारनें त्यास वाटेंतच अडविलें. १८६१ मध्यें व्हाइसरॉय कॅनिंगनें निवाडा दिला : राज्यें दोन, झांझिबारनें मस्कतला दरसाल ४०,००० क्राउन द्यावेत. पुढें ही रक्कम झांझिबारच्या ऐवजीं हिंदुस्थान सरकारच्या तिजोरींतून, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या करांतून, जाऊं लागली. १८६२ पासून मुंबईहून आखाताकडे आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली, आणि १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला. शिडाच्या जहाजांचा धंदा त्यामुळें बसत गेला. १८७३ मध्यें सर बार्टल फ्रियर, जो पूर्वीं मुंबईचा गव्हर्नर होता, त्यानें मस्कतला येऊन गुलामांच्या बाजारावर बंदी घालणारा तह करून घेतला. झांझिबारचें उत्पन्न गेलें, वाहतूक गेली, आणि जो व्यापार जाणें योग्यच होतें तोहि गेला. ज्या मुंबईनें सागाचीं जहाजें दिलीं तीच मुंबई त्यांच्या जागीं आगबोट घेऊन आली.

वाटाड्याच्या कंदिलाचा अर्थ येथें लागतो. १९७० ची ती अंधारी वेस, त्या तीन शाळा, तो दहा किलोमीटरचा रस्ता, ही मस्कतची मूळ स्थिति नव्हे. शंभराहून अधिक वर्षें चाललेल्या उतरणीची ती शेवटची पायरी होती. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. दारिद्र्य जन्मतःच होतें आणि समृद्धि भूगर्भांतून अथवा राजकृपेनें अकस्मात् आली, असें ज्या समाजास शिकविलें जातें त्यास आपल्या पूर्वजांच्या हातांचें कसब आठवण्याचें कारण उरत नाहीं. आणि पूर्वजांच्या हातून घडलेल्या अपराधांचें स्मरण ठेवण्याचेंहि उरत नाहीं. काबूस यांचें कार्य मोठें आहेच. परंतु त्यांनीं वाळूवर शहर उठविलें नाहीं. कोसळलेल्या घराची पुन्हा उभारणी केली. आपल्या कोंकणच्या बंदरांविषयीं आपणहि ‘तेथें पूर्वींपासून कांहींच नव्हतें’ असें सहज बोलून जातों, तेव्हां नेमकी हीच विस्मृति आपल्या तोंडून बोलत असते.

कोऱ्या पानांवरील अक्षरें मस्कतेंत अजून पुष्कळ शिल्लक आहेत. तीं मागितल्यावांचून कोणी दाखवीत नाहीं इतकेंच. मत्राच्या धक्क्यावर लवातिया लोकांचा तटबंदीचा मोहल्ला आहे. या लोकांचें नातें सिंध प्रांताशीं सांगितलें जातें, आणि त्यांच्या घरांचे सज्जे समुद्राकडे तोंड करून आहेत. कच्छी भाटियांच्या पेढ्या तेथें पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या. राजवाड्यापासून जवळच मोतीश्वर महादेवाचें मंदिर आहे. बाजारांत मोड परत मिळते ती ‘बैसा’ नांवाची. एका रियालाचे हजार बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसा. रुपया हें तेथील चलन होतेंच. १९५९ मध्यें भारतीय रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळा रुपया काढला, आणि ओमानांत तो १९७० पर्यंत चालला. जुन्या बंदराभोंवतालच्या खडकांवर तर येऊन गेलेल्या जहाजांचीं नांवें खलाशांनीं रंगविलेलीं आहेत. तीं नीट वाचावयाचीं तर होडींतूनच.

तेव्हां मस्कतेस मुलांकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांस एक सूचना कराविशी वाटते. सफर अवश्य करावी, आणि वाटाड्याहि अवश्य घ्यावा. देशाचा मनुष्य बरोबर असल्यानें जें कळतें तें पुस्तकानें कळत नाहीं. मशीद सकाळींच पाहावी, त्यास इलाज नाहीं. परंतु त्यानंतर संगीतगृह वगळून सरळ जुन्या मस्कतेंत जावें. राजवाड्यासमोर २०१६ मध्यें राष्ट्रीय संग्रहालय उघडलें आहे, तेथें दोन तास घालवावेत. दुपार मत्राच्या बाजारांत काढावी. आणि शेवटचा तास वाटाड्यास सांगून होडीसाठीं राखून ठेवावा. किनाऱ्यापासून थोडें दूर गेल्यावर दोन किल्ले, त्यांच्यामधील राजवाडा व पाठीमागचे डोंगर हीं सारीं एका नजरेंत येतात. वाटाड्यानें होडींत सोबत यावें असा आग्रहहि धरावा. किनाऱ्याकडे तोंड करून त्यास १६५० नंतर काय झालें तें विचारावें. आणि तो थांबला, तर माझगांवच्या गोदीची गोष्ट आपण त्यास सांगावी.