बिडाचा रेम्ब्रँट

हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरात रेम्ब्रँट या थोर चित्रकाराचा पुतळा आहे. तो ब्राँझचा नव्हे, बिडाचा! घावन काढायचा जड काळा तवा आपल्याकडे असतो ना, त्याच धातूचा.

1656 साली रेम्ब्रँटचे दिवाळे निघाले. घर गेले, चित्रे लिलावात गेली. 1669 मध्ये तो वारला, तेव्हा वेस्टरकेर्क या चर्चमध्ये त्याला भाड्याच्या थडग्यात पुरले.

खरे सांगायचे तर, गावाला जाग आली ती शेजाऱ्यामुळे. 1830 मध्ये बेल्जियम हॉलंडपासून फुटला. 1840 साली तिथल्या अँटवर्पने आपल्या रूबेन्स या चित्रकाराच्या पुतळ्याचा मोठा उत्सव मांडला. मग आमचा रेम्ब्रँट काय कमी आहे? तरीही पुतळा उभा राहायला बारा वर्षे लागली. मूर्तिकार लुई रॉयर. आणि गंमत पाहा, त्याचाही जन्म बेल्जियममधल्या मेखेलेन गावचा! ब्राँझपेक्षा बीड स्वस्त. त्यातच मूर्ती ओतली गेली आणि 27 मे 1852 रोजी राजा तिसरा विल्यम याने लोण्याच्या बाजारात तिचे अनावरण केले.

1876 साली त्या चौकाला रेम्ब्रँटचे नाव मिळाले. थडग्याची नेमकी जागा मात्र अजून कोणालाच ठाऊक नाही.