कर्करोग आणि मातृत्व : निर्णय उपचारांपूर्वीच हवा

कर्करोगाचे निदान झाले की रुग्ण आणि नातेवाईकांपुढे जीव वाचवणे हाच प्रश्न असतो. रुग्ण तरुण स्त्री असेल, तर बरे झाल्यावर आई होता येईल का, हा प्रश्नही त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारायला हवा. केमोथेरपी सुरू झाल्यावर त्याचे समाधानकारक उत्तर मिळणे अवघड होते.

मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या बीजांडकोशांत सुमारे दहा ते वीस लाख बीजपेशी असतात. वयात येईपर्यंत त्यांतील तीन ते चार लाखच उरतात आणि त्यांत नव्याने भर पडत नाही. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे हा साठा झपाट्याने घटवतात. ओटीपोटावरील किरणोपचारांनी गर्भाशयालाही इजा पोहोचते. हानी किती होईल, हे वय, औषध आणि त्याची मात्रा यांवर अवलंबून असते. उपचारांनंतर पाळी पुन्हा सुरू झाली, तरी प्रजननक्षमता पूर्ववत झाली असे समजता येत नाही.

पर्याय कोणते?

स्त्रीबीज गोठवणे : संप्रेरकांची इंजेक्शने देऊन 10 ते 14 दिवसांत बीजे परिपक्व केली जातात. ती सुईने बाहेर काढून उणे 196 अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. ही प्रक्रिया आता पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येते. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनची पातळी वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात.

भ्रूण गोठवणे : विवाहितेला हा मार्ग मोकळा असतो. मात्र भ्रूण दोघांचा असल्याने पुढील वापरासाठी पतीचीही संमती लागते.

बीजांडकोशाचे ऊतक गोठवणे : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ऊतक काढले जाते. त्यासाठी इंजेक्शनांचे दोन आठवडे लागत नाहीत. वयात न आलेल्या मुलींना बीजे जपण्याचा हाच मार्ग आहे. बेल्जियममध्ये हॉजकिन्स लिम्फोमा झालेल्या एका तरुणीचे ऊतक 1997 मध्ये गोठवण्यात आले. त्याचे पुनर्रोपण केल्यावर 2004 मध्ये तिला मूल झाले. रक्ताच्या कर्करोगात मात्र अशा ऊतकाबरोबर रोगपेशी शरीरात परतण्याचा धोका असतो.

याखेरीज किरणोपचारांपूर्वी शस्त्रक्रियेने बीजांडकोश बाजूला सरकवता येतात. केमोथेरपीच्या काळात बीजांडकोशांना विश्रांती देणारी गोसेरेलिनची इंजेक्शनेही दिली जातात. ती पूरक आहेत. बीजे गोठवण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञान कायदा 2021 मध्ये झाला. त्यानुसार ही सेवा 21 वर्षांहून अधिक व 50 वर्षांहून कमी वयाच्या स्त्रीला, अविवाहित असली तरी, घेता येते. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतो.

मर्यादांचे भान

तीव्र रक्तकर्करोगात उपचार काही दिवसांतच सुरू करावे लागतात. तेथे थांबणे जिवावर बेतू शकते. गोठवलेल्या बीजांतून मूल होईलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. साठवणुकीचे शुल्क वर्षानुवर्षे भरावे लागते. शिवाय गरोदरपणामुळे आजार उलटेल, ही भीती असतेच. संप्रेरक-संवेदनशील स्तनकर्करोगाच्या रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भधारणेसाठी संप्रेरक उपचार दोन वर्षांपर्यंत थांबवलेल्या स्त्रियांमध्ये नजीकच्या काळात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. दीर्घकालीन निष्कर्षांसाठी पाहणी सुरू ठेवण्यात आली.

डॉक्टरांना काय विचारावे?

माझ्या उपचारांनी प्रजननक्षमतेला किती धोका आहे? उपचार किती दिवस लांबवता येतील? प्रजननतज्ज्ञांकडे आजच पाठवता येईल का? हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. आपल्याकडे असे निर्णय बरेचदा आईवडील किंवा सासरची मंडळी घेतात. लग्न, खर्च, लोकलज्जा या विचारांत रुग्णाला विचारायचेच राहून जाते. मूल नको, असे तिचे उत्तर असू शकते. पण ते तिने, पुरेशी माहिती मिळाल्यावर आणि वेळेत दिलेले असावे.