आघाताची मोजणी

कर्जत-खालापुराकडे हळदीच्या रात्रीं बँजोच्या ताफ्यांत ढोलताशाच्या जोडीला एक काळी पेटी तिवईवर उभी दिसते. तिच्या अंगावर रबराच्या आठ चौकटी. लोक तिला ऑक्टापॅड म्हणतात. हें नांव रोलँड या जपानी कंपनीनें 1985 सालीं काढलेल्या वाद्याचें. गंमत अशी कीं, त्या पहिल्या पेटीला स्वतःचा आवाजच नव्हता. टिपरी पडली, कीं ती केवळ संदेश धाडी. नाद दुसऱ्या यंत्रांतून निघे.

त्या संदेशाची भाषा 'मिडी'. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें ती सिद्ध झाली, आणि 1983 च्या जानेवारींत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें तिच्या योगें एकमेकांस जोडून दाखविण्यांत आलीं. एका तारेंत 16 वाहिन्या असतात. धाडणारा एका वाहिनीवर आणि ऐकणारा दुसरीवर असला, तर कितीही बडवा, उत्तर नाहीं! 1991 च्या संकेतानें दहावी वाहिनी तालवाद्यांकडे आली.

खरा प्रश्न आघाताच्या जोराचा. 'व्हेलॉसिटी' या नांवानें तो 1 ते 127 अंकांत मोजतात. मोजणी बंद करून एकच अंक ठेवला, तर गलबल्यांतही प्रत्येक ठोका सारखा पोहोंचतो. पण हलका स्पर्श आणि भरघोस घाव यांतला भेद मरतो, आणि ताशाची सारी गोडी तर त्या भेदांतच. म्हणून जाणता वादक यंत्र आपल्या हाताप्रमाणें बसवितो : हात हलका असेल, तर थोड्या जोरालाही मोठा अंक मिळावा, जड असेल, तर उलट. हें काम मांडवांत माणसें जमण्यापूर्वींच उरकावें लागतें. नाच सुरू झाल्यावर बटणांकडे पाहण्यास सवड कोठली?