नगरचौक, भूमध्य सागरी

नगरातील इमारतींनी वेढलेल्या, सार्वजनिक व मुख्यतः पायी वावरासाठी राखलेल्या मोकळ्या जागेस नगरचौक म्हणतात. मराठीत ‘चौक’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : चार रस्ते मिळतात ती जागा आणि वाड्याच्या आतील, चारही बाजूंना सोपे असलेले उघडे अंगण. ग्रीस, इटली व स्पेन या देशांतील नगरचौकाची कल्पना दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळची आहे. पोर्तुगीजांमार्फत ही कल्पना गोमंतकात आली व तेथे ती स्थानिक लोकजीवनात रुजली.

या परंपरेचा उगम ग्रीक नगरांतील ‘अगोरा’त आढळतो. अथेन्सचा अगोरा हे बाजार, न्यायदान व राजकीय चर्चा यांचे स्थान होते. त्याच्या कडेने ‘स्टोआ’ म्हणजे स्तंभयुक्त लांब ओसऱ्या असत. पर्गमॉनचा राजा दुसरा ॲटलस याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात बांधून दिलेला तेथील स्टोआ सु. ११५ मी. लांब होता. तीव्र ऊन व हिवाळी पाऊस यांपासून निवारा देणारी ही ओसरी पुढे रोमन ‘फोरम’मध्येही कायम राहिली. रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअस याने फोरमची रुंदी लांबीच्या दोन-तृतीयांश असावी आणि आकारमान लोकसंख्येच्या बेताने ठरवावे, असे सांगितले आहे. चौक लहान पडला, तर अडचण होते आणि फार मोठा झाला, तर ओस वाटतो, हे त्यामागील कारण होय.

मध्ययुगीन इटलीतील नगरराज्यांनी चौकाचे रूप कायद्याने घडविले. सिएना नगराच्या शासनाने १२९७ मध्ये ‘कांपो’ या चौकाभोवतीच्या घरांच्या खिडक्या एकाच धर्तीच्या असाव्यात, असा नियम केला. चौदाव्या शतकाच्या मध्यास त्याची विटांची फरसबंदी पुरी झाली. शिंपल्याच्या आकाराचा हा चौक नऊ भागांत विभागलेला असून त्याचा उतार नगरभवनाकडे आहे. त्यामुळे पावसाचे पाणी एका ठिकाणी जमते आणि उभ्या समुदायाला पुढचे दृश्य दिसते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या १५७३ च्या आज्ञापत्राने अमेरिकेतील नव्या वसाहतींत चौकाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट असावी व भोवती कमानदार ओसऱ्या असाव्यात, असे ठरवून दिले. ऑस्ट्रियन वास्तुविद कामिलो झिटे याने १८८९ मध्ये जुन्या चौकांच्या अभ्यासातून असा निष्कर्ष काढला, की चौकाची रुंदी मुख्य इमारतीच्या उंचीहून कमी व उंचीच्या दुपटीहून अधिक नसावी आणि रस्ते कोपऱ्यांतून असे यावेत, की कडा सलग भासाव्यात.

गोमंतकात चर्चसमोरील अशा चौकास ‘लार्गो’ ही पोर्तुगीज संज्ञा आहे. जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलपुढील मोकळ्या जागेच्या कडेस धर्मन्यायपीठाचा वाडा होता. चौक हे सत्तेच्या प्रदर्शनाचेही स्थान असते, हे येथे स्पष्ट होते. राजधानी हलल्यावर भोवतीच्या इमारती नाहीशा झाल्या आणि हा चौक केवळ मैदान म्हणून उरला. मडगावचा चर्च चौक मात्र जिवंत राहिला. तेथील पवित्र आत्म्याचे चर्च सोळाव्या शतकात दामोदराच्या देवालयाच्या जागी उभारण्यात आले. देवता जांबावलीस नेण्यात आली. सध्याची वास्तू १६७५ ची आहे. चौकाच्या मध्यभागी मोठा क्रूस असून कडेने जुनी घरे आहेत. पावसाळ्यापूर्वी येथे ‘पुरुमेंताचें फेस्त’ भरते. त्यात मीठ, मिरची, सुके मासे इ. बेगमीचा बाजार होतो. अशा प्रकारे सक्तीच्या धर्मसत्तेने निर्मिलेली जागा कालांतराने सर्वांच्या संसाराची झाली.

सोळाव्या शतकात स्थलांतर करावे लागलेल्या देवतांची फोंडा परिसरातील मंदिरे हे याच प्रश्नाचे दुसरे उत्तर होय. मंगेशीसारख्या देवस्थानात दीपस्तंभ, तळी आणि प्रांगणाभोवती अग्रशाळांच्या ओसऱ्या आढळतात. उद्देश वेगळा असला, तरी कडा बांधून मोकळी जागा घडविण्याचे तत्त्व तेच आहे.

उत्तर कोकणात वसई (१५३४ ते १७३९) व ठाणे (१७३७ पर्यंत) ही ठाणी पोर्तुगीजांकडे होती. तथापि ठाणे शहराच्या पुढील वाढीत ही परंपरा टिकली नाही. येथे सार्वजनिक जागेचे प्रमुख रूप म्हणजे नाका. जकात वसुलीच्या जागेवरून आलेला हा शब्द जांभळी नाका, तीन हात नाका अशा स्थळनामांत दिसतो. खोपटला लोक गोळा होतात, ते प्रामुख्याने एस. टी. पकडण्यासाठी. थांबण्यासाठी व भेटण्यासाठी ठाणेकरांनी मासुंदा तलावाचा काठ म्हणजे तलावपाळी निवडली. डोंबिवलीत फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे तरुणांचे मेळे जमतात. १९९९ पासून तेथील गणेश मंदिराच्या पुढाकाराने गुढी पाडव्याची शोभायात्रा निघते. एरवी वाहनांचा असलेला रस्ता त्या वेळी चौकाचे काम करतो. लोकांना चौकाची गरज आहे आणि नगराने तो दिलेला नाही, असाच याचा अर्थ आहे.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनांत रस्ते, उद्याने, क्रीडांगणे इत्यादींसाठी जमीन राखून ठेवता येते. परंतु नगरचौक केवळ जमीन राखून निर्माण होत नाही. कडेच्या इमारतींची उंची, त्यांची दारे चौकाकडे उघडणे, सावलीची सलग ओसरी, पाण्याचा उतार आणि वाहनांना मज्जाव या बाबी एकत्रच ठरवाव्या लागतात. कोकणातील पाऊस भूमध्य सागरी प्रदेशाहून कितीतरी अधिक असल्याने ओसरी व उतार यांचे महत्त्व येथे वाढते. जुन्या वाड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असताना या बाबींचा विचार आधी झाला नाही, तर पुढे चौकासाठी जागा मिळाली, तरी त्याच्या कडा मिळणार नाहीत.