डालड्याचा डबा
पिवळा पत्रा, त्यावर हिरवे माडाचे झाड. मुंबईतल्या नायगावला हा डबा परका नव्हता. शेजारच्याच शिवडीत हिंदुस्थान वनस्पती कंपनीने १९३२ मध्ये वनस्पती तूप बनवायला सुरुवात केली. ‘डालडा’ हे नाव १९३७ चे. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत डब्याला खरा मान मिळे तो तूप संपल्यावर. झाकण नीट कापून, धार ठोकून आधी तांदूळ नाहीतर पीठ. पत्रा गंजू लागला की मजल्यावरच्या सामाईक संडासाचे टमरेल. बुडाला भोके पाडली की खिडकीतल्या तुळशीची कुंडी. म्हणून चाळीतले कोणी ‘डबा’ म्हणाले तर त्यात तूपच आहे असे गृहीत धरू नये.